लिनक्सवर ॲडमिन होताना ती आडवी रेघ विसरू नका

मैलूर (बीदर) : दुकानात, शाळेत किंवा सेवा केंद्रात लिनक्सचा संगणक असेल, तर नवा युजर जोडताना हा अनुभव येऊ शकतो. 'एसयू' टाइप केलं, रूटचा म्हणजे मुख्य ॲडमिनचा पासवर्ड दिला, तो बरोबरही निघाला. पण पुढची कमांड दिली की उत्तर येतं, 'कमांड नॉट फाउंड'. प्रोग्राम कुठं गेलेला नसतो. आपणच अर्धे ॲडमिन झालेलो असतो.

नेमकं काय होतं?

नुसत्या 'एसयू'नं अधिकार रूटचे मिळतात, पण आधीच्या युजरची बरीच मांडणी तशीच राहते. त्यातच 'पाथ' असतो, म्हणजे कमांड कोणत्या फोल्डरांत शोधायची याची यादी. ॲडमिनच्या बऱ्याच कमांड 'एसबिन' फोल्डरात असतात. डेबियनमध्ये साध्या युजरच्या यादीत तो फोल्डर नसतो. २०१९ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीआधी तिथं नुसत्या 'एसयू'वरही भागायचं. त्यामुळं जुनी पुस्तकं वाचून शिकलेले अडकतात. सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे.

यात धोकाही आहे. कुणी त्या यादीत स्वतःचा फोल्डर आधी घालून नेहमीच्या कमांडच्या नावानं खोटा प्रोग्राम ठेवला, तर तो रूटच्या अधिकारानं चालेल. मग हिशेबाच्या फाइलीही सुरक्षित नाहीत.

बरोबर पद्धत कोणती?

'एसयू' लिहा, एक स्पेस सोडा, आडवी रेघ म्हणजे हायफन द्या आणि एंटर दाबा. आता मांडणीही रूटची मिळते. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही दिसत नाही, घाबरू नका.

उबंटूमध्ये रूटचा पासवर्ड सुरुवातीला बंद असतो. तिथं 'सुडो', स्पेस, हायफन आणि लगेच 'आय' असं लिहा. इथं पासवर्ड स्वतःचा द्यायचा. मात्र त्या युजरला सुडोची परवानगी हवी.

एकच काम असेल तर त्या कमांडच्या आधी फक्त 'सुडो' लावा. कोणी, कधी, कोणती कमांड दिली याची नोंद राहते. 'सुडो आय'नं आत शिरल्यावर मात्र शिरल्याचीच नोंद होते, पुढच्या प्रत्येक कमांडची नाही. चार जण एकच संगणक वापरत असतील, तर रूटचा पासवर्ड सगळ्यांना वाटणं म्हणजे गल्ल्याची चावी खुंटीला टांगणं. पैसे कमी पडले तर विचारायचं कुणाला?

काम संपलं की 'एक्झिट' लिहून बाहेर पडा. ओळीच्या टोकाचं हॅशचं चिन्ह जाऊन डॉलरचं आलं, की समजा आपण पुन्हा साधे युजर झालो.