सातारच्या राजघराण्यातील सासू-सून संघर्ष आणि वारसाचा प्रश्न (इ.स. १७४९ ते १७५२)

प्रस्तावना :
राजघराण्यातील सासू-सुनेच्या संघर्षाची चर्चा बहुधा मत्सर व स्वभावदोष यांच्या अनुषंगाने केली जाते. महाराणी ताराबाई व छत्रपती शाहूंच्या पत्नी सकवारबाई यांच्यातील वाद मात्र मूलतः वारसाचा होता. सत्तेचे केंद्र साताऱ्याहून पुण्याकडे कसे सरकले, हे समजून घेण्यासाठी या वादाचा विचार करणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी :
ताराबाई या छत्रपती राजारामांच्या पत्नी. म्हणजे शाहूंच्या चुलती व सकवारबाईंच्या चुलत सासू. पतीच्या निधनानंतर १७०० ते १७०७ या काळात त्यांनी औरंगजेबाशी लढा चालविला. १७०७ मध्ये शाहूंची सुटका झाल्यावर साताऱ्याची गादी त्यांच्या हातून गेली. १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी कोल्हापुरातही त्यांना पुत्रासह कैदेत टाकले. पुढे त्या साताऱ्यास राहू लागल्या. शाहूंना पुत्र नव्हता. या परिस्थितीत ताराबाईंनी आपला नातू रामराजा गुप्तपणे वाढत असल्याचे उघड केले.

संघर्षाचे स्वरूप :
सकवारबाईंनी रामराजाच्या अस्सलपणाविषयी शंका घेतली व कोल्हापूरच्या संभाजींचा पक्ष उचलून धरला. या विरोधामागील कारण स्पष्ट आहे. नीलकंठभट्टांच्या 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या परंपरेत विधवेच्या दत्तकाधिकारास अनुकूलता होती. रामराजा गादीवर आल्यास हा अधिकार निरर्थक होऊन घरातील वडीलकीचा मान आजी म्हणून ताराबाईंकडे जाणार होता. अशा रीतीने दोघींचे राजकीय अस्तित्व एकाच गादीवर अवलंबून होते व ती गादी दोघींना एकाच वेळी आधार देऊ शकत नव्हती.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहूंचे निधन झाले व सकवारबाई सती गेल्या. पेशवे बाळाजी बाजीराव यांनी त्यांच्या बंधूंमार्फत दडपण आणून हे घडविले, असे ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नमूद केले आहे. ज्या स्त्रीचा विरोध दरबारात अडचणीचा ठरत होता, तिचा आवाज धर्माचरणाच्या नावाने कायमचा बंद झाला.

परिणाम :
जानेवारी १७५० मध्ये रामराजा छत्रपती झाले. त्याच वर्षी सांगोल्याच्या कराराने राज्यकारभाराची सूत्रे पेशव्यांकडे गेली. नातू आपल्या तंत्राने चालत नाही, हे पाहून ताराबाईंनी नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांना सातारच्या किल्ल्यात कैद केले व दमाजी गायकवाडांना मदतीस बोलाविले. परंतु १७५१ मध्ये तो प्रयत्न फसला. अखेर १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर शपथ घेऊन रामराजा आपला नातू नव्हे, असे त्यांनी जाहीर केले. सुनेने जी शंका घेतली होती, तिला सासूनेच शपथपूर्वक दुजोरा दिला. मात्र तो ऐकण्यास सून हयात नव्हती.

निष्कर्ष :
ही शपथ सत्य होती की राजकीय डाव, याविषयी मतभेद संभवतात. तथापि तिच्यामुळे छत्रपतींच्या पदाची प्रतिष्ठा खालावली. रामराजा १७७७ पर्यंत नाममात्र छत्रपती राहिले आणि प्रत्यक्ष निर्णय पुण्याच्या शनिवारवाड्यात होऊ लागले. राजघराण्यातील स्त्रियांना सत्तेत स्वतंत्र स्थान नव्हते. पुत्र, नातू वा दत्तक यांच्या नावानेच ती त्यांना मिळू शकत होती. त्यामुळे दोघींच्या संघर्षाचे मूळ त्यांच्या स्वभावापेक्षा वारसाहक्काच्या व्यवस्थेत अधिक आढळते, आणि त्याचा लाभ मात्र त्या दोघींपैकी कोणासही झाला नाही.