दुसऱ्या क्रमांकाची तबकडी

इंग्लंड-अमेरिकेतील संगीतविषयक नियतकालिकांचा एक जुना शिरस्ता आहे. वर्ष सरत आले, डिसेंबरचे अंक छापखान्याकडे धाडण्याची घटका जवळ आली, की बारा महिन्यांत बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिकांचा ताळेबंद मांडावयास घेतात. समीक्षकांकडून त्यांच्या पसंतीच्या याद्या मागविल्या जातात, त्यांची बेरीज होते, आणि क्रमांक लावलेली एक नामावळी वाचकांच्या हाती पडते. ती पडण्याचाच काय तो अवकाश. ज्या अल्बमने आपल्या आयुष्याचे एक अख्खे वर्ष व्यापून टाकले तो दुसरा किंवा चौथा कसा, आणि जो आपण धड ऐकलाही नाही तो पहिला कोणत्या न्यायाने, या प्रश्नावर रॉक संगीताचे चाहते महाविद्यालयांच्या वसतिगृहांत, तबकड्यांच्या दुकानांत आणि संपादकांस धाडलेल्या पत्रांतून हमरीतुमरीवर येतात. दुरून पाहणाऱ्यास हा कलह पोरकट वाटण्याचा संभव आहे. मला तो तसा वाटत नाही. एखाद्या कलाकृतीवर जीव जडल्यावाचून तिच्या मानासाठी कोणी भांडत नाही, आणि अशा भांडणातून माणसाचे कान तयार होतात, असा माझा विश्वास आहे. मात्र त्यासाठी क्रमांक कसा लागतो हे ठाऊक असावयास हवे.

या दृष्टीने १९९७ सालाइतका बोलका दाखला दुसरा सापडणे कठीण. ऑक्सफर्डशायर परगण्यातील ॲबिंग्डन येथे एकाच शाळेत शिकलेल्या पाच मुलांनी उभारलेल्या 'रेडिओहेड' या वाद्यवृंदाचा 'ओके कॉम्प्युटर' हा तिसरा अल्बम त्या वर्षी आला. नायजेल गॉडरिच या तरुण ध्वनितंत्रज्ञाला सोबतीस घेऊन, बाथ शहरानजीकच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट या प्राचीन वाड्यात त्यांनी त्याचे बरेचसे ध्वनिमुद्रण केले. सुमारे ५३ मिनिटांच्या या बारा रचनांतून वेग, यंत्रे, प्रवास आणि गर्दीतला एकाकीपणा यांची एक अस्वस्थ छाया पसरलेली आहे. एक रचना तर संगणकाच्या निर्विकार कृत्रिम आवाजात बोलून दाखविलेली आहे, आणि पहिले गाणे म्हणून बाजारात धाडलेले 'पॅरानॉइड अँड्रॉइड' सहा मिनिटांहून अधिक लांबीचे, मध्येच लय व रंग पालटणारे आहे. अमेरिकेतील कॅपिटल या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी हा अल्बम ऐकला आणि त्याच्या खपाचा आपला अंदाज २० लाखांवरून ५ लाखांवर आणला. तथापि तीच कंपनी एक युक्तीही योजून गेली: अल्बमची कॅसेट आत कायमची चिकटवून टाकलेली १,००० कॅसेटयंत्रे तिने पत्रकारांकडे व संगीतव्यवसायातील प्रमुखांकडे पाठविली, म्हणजे ज्याच्या हाती ते यंत्र पडले त्याला त्यावर दुसरे काही ऐकण्याची सोयच उरली नाही. जून महिन्यात इंग्लंडच्या विक्रीकोष्टकात अल्बम पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. अमेरिकेत त्याचा प्रवेश एकविसाव्या स्थानावर झाला.

वर्षअखेर आली तेव्हा निवाडा आपल्याच बाजूने होणार अशी चाहत्यांची खात्री होती, आणि नेमके तेथेच त्यांचे अनुमान चुकले. मानाचे मर्क्युरी पारितोषिक ब्रिस्टलच्या रोनी साइझ व त्याच्या सहकाऱ्यांच्या 'न्यू फॉर्म्स' या सर्वस्वी वेगळ्या, यंत्रतालाधिष्ठित संगीताला मिळाले. लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने पहिला मान दिला तो स्पिरिच्युअलाइज्ड या वृंदाच्या 'लेडीज अँड जेंटलमेन वी आर फ्लोटिंग इन स्पेस' या अल्बमला. अमेरिकेतील 'स्पिन' मासिकाने कॉर्नरशॉप या वृंदाला अग्रस्थानी बसविले. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाने देशभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात बॉब डिलनचा 'टाइम आउट ऑफ माइंड' पहिला आणि 'ओके कॉम्प्युटर' दुसरा आला. आणि १९९८च्या फेब्रुवारीत ग्रॅमी पारितोषिकांचा समारंभ झाला तेव्हा वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा किताबही डिलनच्याच पदरी पडला, रेडिओहेडच्या वाट्याला 'पर्यायी संगीत' या पोटविभागातील बक्षीस आले. इकडे 'क्यू' या इंग्लिश मासिकाने त्याच वर्षी आपल्या वाचकांचा कौल घेतला, तेव्हा त्यांनी 'ओके कॉम्प्युटर'ला आजवरच्या सर्व अल्बमांत श्रेष्ठ ठरविले. वर्षाच्या हिशेबात ज्याला जाणकारांनी पहिले स्थान नाकारले, त्याला सामान्य श्रोत्यांनी सर्व काळाच्या हिशेबात पहिले ठरवावे, यापेक्षा वादास सुपीक भूमी ती कोणती?

चाहत्यांच्या या वादात दोन्ही पक्षांची कैफियत ऐकण्याजोगी आहे. रेडिओहेडच्या कैवाऱ्यांचे म्हणणे असे, की शतक संपताना माणसाला यंत्रयुगाविषयी जी धास्ती वाटू लागली होती तिला या अल्बमने आवाज दिला, आणि गिटारप्रधान रॉक संगीताच्या जुन्या चौकटीला किती ताण सोसतो हे दाखवून दिले. प्रतिपक्ष म्हणतो, की हे सारे खरे मानले तरी डिलनच्या अल्बमातील विदीर्ण मानवी कंठापुढे ते बुद्धीचे बांधकाम थंड भासते. स्पिरिच्युअलाइज्डचे चाहते आपल्या वृंदप्रमुखाचे, जेसन पिअर्सचे, नाव घेऊन सांगतात, की विरह आणि व्यसन यांच्या वेदनेला गॉस्पेल गायकांच्या समूहस्वराची व तंतुवाद्यांची एवढी भव्य जोड त्या वर्षी दुसऱ्या कोणी दिली नाही. औषधांच्या गोळ्यांच्या पाकिटासारख्या वेष्टनात विकला गेलेला हा अल्बम आणि 'ओके कॉम्प्युटर' इंग्लंडात एकाच दिवशी, १६ जून १९९७ रोजी, प्रकाशित झाले होते. म्हणजे त्या दिवशी दुकानात शिरलेल्या एखाद्या तरुणाने पैसे पुरत नाहीत म्हणून दोहोंपैकी एकच निवडला असेल, तर सहा महिन्यांनी तो कोणत्या पक्षातून भांडणार हे तेथेच ठरून गेले असणे संभवनीय आहे.

आता निवाड्याच्या यंत्रणेकडे वळू. 'व्हिलेज व्हॉइस'चा कौल 'पॅझ अँड जॉप' या नावाने ओळखला जाई. बंद पडलेल्या 'जॅझ अँड पॉप' या नियतकालिकाच्या नावातील आद्याक्षरांची अदलाबदल करून ते नाव घडविलेले होते. समीक्षक रॉबर्ट ख्रिस्गाऊ यांनी १९७१ साली त्याची सुरुवात केली, आणि पहिला मान द हू या वृंदाच्या 'हूज नेक्स्ट' या अल्बमला मिळाला. मतदानाची रीत अशी, की प्रत्येक समीक्षकाने दहा अल्बम निवडावे आणि आपल्या पदरचे शंभर गुण त्यांत वाटावे. एका अल्बमला पाचांहून कमी अथवा तिसांहून अधिक गुण देता येत नसत. या साध्या नियमात सारी मेख आहे. समजा, चाळीस समीक्षकांनी एका अल्बमला प्रत्येकी दहा गुण दिले, तर त्याची बेरीज चारशे होते. दुसऱ्या अल्बमवर पंधराच समीक्षक लुब्ध झाले आणि त्यांनी प्रत्येकी पंचवीस गुण दिले, तर बेरीज तीनशे पंचाहत्तर. पहिला अल्बम चाळिसांना बरा वाटला, दुसऱ्याने पंधरांची झोप उडविली. यादीत मात्र पहिला वर आणि दुसरा खाली. जो चाहता त्या पंधरांच्या पंक्तीतला आहे त्याला हा अन्याय वाटणारच, परंतु त्याची तक्रार वास्तविक समीक्षकांच्या कानाविषयी नसून बेरजेच्या पद्धतीविषयी आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. व्यापक पसंती आणि उत्कट पसंती या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि एकाच आकड्यात दोहोंचे प्रतिबिंब पूर्णपणे उतरवील अशी गणनापद्धती मला तरी आढळलेली नाही.

यादी म्हणजे एखाद्या व्यक्तीचे मत नव्हे, याचा पुरावाही याच प्रकरणाच्या दप्तरात आहे. ज्या ख्रिस्गाऊ यांनी हा कौल सुरू केला त्यांनी स्वतः 'ओके कॉम्प्युटर'ला आपल्या स्तंभात 'बी मायनस' एवढीच श्रेणी दिली होती. मूळ संस्थापकाने नापसंत ठरविलेला अल्बम त्याच्याच कौलात शेकडो समव्यावसायिकांनी दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेला. तेव्हा "समीक्षकांनी अमुक ठरविले" असे जे आपण एका दमात बोलून जातो, त्या वाक्याच्या पोटात किती मतभेद दडलेले असतात याचा विचार व्हावयास हवा.

डिलनच्या विजयामागे आणखी एक कारण असावे असे मला वाटते. त्याची नवी स्वरचित गाणी सात वर्षांनी येत होती. त्यातच १९९७च्या मे महिन्यात हृदयावरणाच्या विकाराने त्याला रुग्णालयात दाखल व्हावे लागले, आणि सप्टेंबरअखेर अल्बम आला तेव्हा श्रोत्यांना त्यातील जराजर्जर स्वरात मृत्यूची चाहूल ऐकू आली. प्रत्यक्षात ध्वनिमुद्रण जानेवारीत, म्हणजे आजाराच्या कित्येक महिने आधी, झालेले होते. याचा अर्थ तो मान अपात्री गेला असा मुळीच नाही; परंतु कलाकृती कधीही निर्वात पोकळीत ऐकली जात नाही, भोवतालच्या वार्ता, चिंता आणि कृतज्ञता घेऊनच श्रोता तिच्यासमोर बसतो, आणि समीक्षकही अखेर श्रोताच असतो.

'स्पिन'च्या निवडीविषयी मराठी वाचकांना विशेष आस्था वाटावी. कॉर्नरशॉपच्या 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम' या अल्बममध्ये 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे गीत आहे, आणि त्यातील आशा म्हणजे सांगलीच्या मातीत जन्मलेल्या आपल्या आशा भोसले. इंग्लंडात वाढलेल्या तजिंदर सिंग यांनी घरोघरी वाजणाऱ्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांना वाहिलेली ती आदरांजली होती. नॉर्मन कुक यांनी नवा साज चढविलेली तिची आवृत्ती १९९८च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या विक्रीकोष्टकात पहिल्या क्रमांकावर पोचली. रेडिओहेडच्या एखाद्या चाहत्याने 'स्पिन'वर रागावून कॉर्नरशॉपची तबकडी नुसती दूर सारली असेल, तर एका स्थलांतरित समाजाच्या स्मृतींचे दालन त्याला बंदच राहिले. रागाच्या भरात का होईना, पण "हिला पहिली का म्हटले?" म्हणून ज्याने ती ऐकली, त्याची मात्र कमाई झाली.

कालगणनेचा घोळ हाही वादाचा एक कायमचा विषय आहे. द क्लॅश या वृंदाचा 'लंडन कॉलिंग' हा दुहेरी अल्बम इंग्लंडात १४ डिसेंबर १९७९ रोजी आणि अमेरिकेत १९८०च्या जानेवारीत प्रकाशित झाला.  त्यामुळे अमेरिकेच्या 'पॅझ अँड जॉप'मध्ये तो १९८०चा सर्वोत्तम ठरला, आणि पुढे 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने तर त्याला ऐंशीच्या दशकातील श्रेष्ठ अल्बम म्हणून घोषित केले. एकच तबकडी समुद्राच्या एका तीराला सत्तरच्या दशकाची अखेर आणि दुसऱ्या तीराला ऐंशीच्या दशकाचा मुकुटमणी ठरते, तेव्हा वर्षाची चौकट ही संपादकीय सोय आहे आणि संगीताचा प्रवाह त्या चौकटीला बांधील नाही, हे मान्य करणे भाग पडते.

मग अखेरचा फैसला काळ करतो काय? तेही पूर्णांशाने खरे नाही. 'रोलिंग स्टोन'ने २००३ साली सर्वकालीन पाचशे अल्बमांची जी यादी केली तीत 'ओके कॉम्प्युटर' १६२वा होता. २०२० साली तीनशेहून अधिक कलावंत, समीक्षक आणि व्यावसायिक यांची मते नव्याने घेऊन ती यादी पुन्हा रचली, तेव्हा तो ४२वा आला. दरम्यान २०१५ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश जाहीर केला होता. या सतरा वर्षांत तबकडीतील एकही सूर बदललेला नव्हता. बदलले होते ते मतदार, आणि त्यांचे वय. जी मुले १९९७ साली दुसऱ्या क्रमांकाविरुद्ध वाद घालीत होती त्यांच्यातलीच काही पुढे स्वतः गाऊ, वाजवू आणि लिहू लागली, आणि त्यांचे मत मोजले जाऊ लागले. चाहत्यांचा वाद वाया जात नाही असे मी म्हणतो ते याच कारणाने.

माझा स्वतःचा कौल विचाराल, तर त्या वर्षीचा पहिला मान मी 'ओके कॉम्प्युटर'लाच दिला असता. परंतु ज्यांनी डिलनला तो दिला त्यांनी अन्याय केला असे मी म्हणणार नाही, कारण त्यांनी दोन्ही अल्बम ऐकून मत दिले होते. वाद करणाऱ्याकडून एवढ्याच प्रामाणिकपणाची अपेक्षा आहे. तेव्हा येत्या वर्षअखेरीस एखादी यादी हाती पडली आणि आपला आवडता अल्बम दुसऱ्या वा सातव्या ठिकाणी आढळला, तर वाचकांनी निषेधाचे पत्र लिहिण्यापूर्वी प्रथम मतमोजणीची रीत पाहावी, आणि मग ज्याने आपल्या आवडत्या अल्बमला मागे टाकले तो अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये न थांबता, निदान दोनदा ऐकावा. त्यानंतरही मत कायम राहिले, तर पत्र अवश्य लिहावे.