आठ्यांवरची सुई

वाशीम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. तोवर इकडे चेहऱ्याला सुई म्हटले की गोंदणच आठवायचे. तांड्यांवरच्या जुन्या बायकांच्या चेहऱ्यावर ते आजही दिसते, आणि ते जन्मभराचे. सुरकुत्या घालवायचीही सुई असते, हे कळायला बराच काळ जायचा होता.

ती सुई मुळात सौंदर्यासाठी नव्हतीच. तिच्यातले बोटुलिनम हे नासलेल्या अन्नातले जहर. 1895 साली बेल्जियममध्ये खारवलेले मांस खाऊन माणसे दगावली, तेव्हा त्याचा जिवाणू हाती लागला. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी पुढे त्याच जहराची अतिसूक्ष्म मात्रा तिरळेपणावर वापरली. 1989 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. दरम्यान 1987 साली कॅनडात व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्या सारख्या मिटणाऱ्या एका बाईंवर उपचार करत होत्या. बाई चिडल्या, या खेपेला भुवयांमध्ये सुई का नाही दिली? तिथे दिली की चेहरा कसा निवांत दिसतो! जीनबाईंचे यजमान अ‍ॅलिस्टर त्वचातज्ज्ञ. दवाखान्यातल्या स्वागतिकेच्या आठ्यांवर पहिला प्रयोग झाला, 1992 मध्ये निबंध छापून आला आणि एप्रिल 2002 मध्ये अमेरिकेने आठ्यांसाठीही परवानगी दिली. आपला जिल्हा तेव्हा चार वर्षांचाही नव्हता.

या सुईने कातडी ताणली जात नाही, भरलीही जात नाही. भरायचे काम फिलरचे. स्नायूला आकसायचा निरोप अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन नेते. औषध मज्जातंतूच्या टोकाशीच ते अडवते. स्नायू सैलावतो, वरची आठी विरते. पंधरवड्यात पुरता गुण दिसतो. तीन-चार महिन्यांत निरोप पुन्हा पोचू लागतो आणि आठ्या हजर!

सोयाबीन-तुरीच्या रानात उन्हाने रापून कातडीत खोल उतरलेल्या, चेहरा स्वस्थ असतानाही दिसणाऱ्या रेघांवर मात्र ती बेताचीच चालते. जाहिरातीत हे कोण सांगतो? त्यापेक्षा डोक्यावरचा पदर आणि सनस्क्रीन बरे, असे माझे स्पष्ट मत.

2024 मध्ये वाशीमला 100 जागांचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. तरी स्वस्तात सुई टोचून देणारा कुणी भेटलाच, तर आधी तो नोंदणीकृत डॉक्टर आहे का ते पाहा. औषधाची कुपी डोळ्यांदेखत उघडायला लावा आणि ती 2 ते 8 अंशांत ठेवली होती का, हे विचारा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो.