कब्रस्तानातले गवत, फिरते पाते आणि आपली मुले

गुलमंडीच्या गल्ल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला गवत कापायच्या यंत्राशी काय देणेघेणे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. इथे दुकानाला दुकान आणि भिंतीला भिंत लागलेली, हिरवळ कुठली? पण शाबान महिना लागला की याच गल्ल्यांतली माणसे मुलांना सोबत घेऊन, शब-ए-बरातच्या आधी कब्रस्तानाच्या साफसफाईला निघतात. पूर्वी गवत विळ्याने कापले जाई. आता खांद्याला अडकवायचे पेट्रोलचे ब्रश कटर येते. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

विळ्याने इजा झालीच तर बहुधा कापणाऱ्याला होते. यंत्राचे तसे नाही. त्याचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेते. गवतात दडलेला खडा, विटेचा तुकडा किंवा तार त्याला लागली की ती गोफणीतून सुटल्यासारखी उडते आणि लांब उभ्या असलेल्याला लागते. डोळ्याला धोका सर्वात मोठा. यंत्रासोबतच्या माहितीपुस्तिकेत सहसा 15 मीटरच्या आत दुसरे कोणी नसावे, असे बजावलेले असते. 15 मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण वीस पावले. आपल्याकडे मात्र एका बाजूला कापणी चालू असते, चार हातांवर कोणी फातेहा पढत असतो आणि मधून मुले पळत असतात.

आता माणसाच्या हातात नसलेली यंत्रेही आली आहेत. स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीने 1995 मध्ये आपोआप फिरणारे गवतकापे यंत्र बाजारात आणले. परदेशी राहणाऱ्या आपल्या नातलगांच्या अंगणात असे यंत्र दिसू शकते. रिमोटवर चालणारी मोठी यंत्रेही मिळतात. ती उतारावर माणसाला घसरण्यापासून वाचवतात, हा त्यांचा खरा फायदा. पण रिमोट धरणारा लांब उभा असतो. उंच गवताआड बसलेले मूल त्याला दिसत नाही. अंतराने चालवणारा वाचतो, समोरचा वाचेलच असे नाही.

आपोआप चालणारे यंत्र ‘समोर काही आले की थांबते’, असे सांगितले जाते. युरोपात हेजहॉग नावाचा, अंगावर काटे असलेला छोटा प्राणी रात्री बागांत फिरतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधीच मरण पावलेले हेजहॉग ठेवून अनेक यंत्रे तपासली गेली. एकाही यंत्राने स्पर्श होण्याआधी तो प्राणी ओळखला नाही. जर्मनीतील कोलोन शहराने 2024 मध्ये अशी यंत्रे रात्री चालवण्यावर बंदी घातली. रांगणाऱ्या बाळाचा हात त्या प्राण्यापेक्षा मोठा नसतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. असे यंत्र चालू असताना मुले आणि पाळीव जनावरे घरातच हवीत.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना पाठ करून देतो. यंत्र सुरू करण्याआधी जागा पायी फिरून दगड, काच, तारा उचलणे म्हणजे तेच काम. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हेही आपण सांगतो. मग त्याला संरक्षक चष्मा, जाड बूट आणि कानांसाठी बचाव देणे हेही आपलेच कर्तव्य आहे. पात्यावरचे संरक्षक झाकण काढून काम करू देऊ नये. पात्यात गवत अडकले तर इंजिन पूर्ण बंद केल्याशिवाय हात लावू नये. इंजिन थंड झाल्यावरच, वाळलेल्या गवतापासून दूर, पेट्रोल भरावे. एका ठिणगीने सारे गवत पेटू शकते.

तरीही अपघात झालाच तर 108 वर फोन करावा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. डोळ्यात काही घुसले असेल तर चोळू नये, ओढून काढू नये. डोळ्यावर दाब न येता कागदी पेला ठेवून रुग्णालय गाठावे. बोट तुटले तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोटाला थेट बर्फ लावू नये.

कब्रस्तान कमिट्यांना आमची विनंती एवढीच: कापणीचा दिवस आणि वेळ आधीच्या जुम्याला मशिदीतून जाहीर करा, तेवढा वेळ फाटक बंद ठेवा. जियारतसाठी आणि मुलांना आणण्यासाठी दुसरा दिवस ठरवा. कबरींच्या अगदी जवळचे गवत विळ्यानेच काढा. गेलेल्यांसाठी दुआ करायला जाणाऱ्या घरातले एकही मूल डोळा गमावून परतू नये, यासाठी एक दिवसाचा बदल फार मोठा नाही.