पालकसभेला जायचे कोणी?

पालकसभेची चिठ्ठी घरी आली की खाडीपट्ट्यातल्या आपल्या गावांत पहिला प्रश्न पडतो, जायचे कोणी? तुडीलसारख्या गावात कित्येक मुलांचे अब्बा आखातात किंवा मुंबईत आहेत. जे गावी आहेत ते महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातात, रिक्षा चालवतात किंवा रोजंदारीवर असतात. सभा भर दुपारी. अम्मीच्या मागे लहान मूल आणि अंथरुणाला खिळलेली सासू. मग शाळेच्या वहीत नोंद होते, ‘पालक गैरहजर’. आणि कोणीतरी सहज म्हणून जाते, ‘यांना शिक्षणाची कदरच नाही.’

शिक्षक म्हणून मला हे वाक्य मान्य नाही. गैरहजर असणे वेगळे आणि बेफिकीर असणे वेगळे. दोन तासांच्या सभेसाठी ज्याचा पूर्ण दिवसाचा रोज बुडतो, त्याला दोष देण्याआधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकांशी नियमित बैठक घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवले. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असेही त्यात आहे. म्हणजे शाळेने बोलवायचे, पालकांनी यायचे. पण त्या वेळेपुरते पालकाला कामावरून सोडा, असे मालकाला सांगणारे कलम या कायद्यात नाही.

रजेचे कायदे पाहिले तरी तेच. 1948 च्या कारखाने कायद्यात वर्षात 240 दिवस भरल्यावर दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा ठेवली होती. पण अर्ज पंधरा दिवस आधी, आणि वर्षातून तीनदाच. शाळेची चिठ्ठी तर दोन दिवस आधी येते! महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ नैमित्तिक रजा दिल्या, मात्र छोट्या दुकानांतले नोकर त्यातून सुटले. राज्य सरकारने 2018 मध्ये महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. ती चांगलीच आहे, पण आपल्या किती घरांत सरकारी नोकरी आहे?

इतरत्र काय आहे? अमेरिकेतील कॅलिफोर्नियात 25 किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने पालकाला मुलाच्या शाळेसाठी वर्षाला 40 तासांपर्यंत सोडावे, असा कायदा आहे. संयुक्त अरब अमिरातीत संघीय सरकारच्या कर्मचाऱ्यांना शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांसोबत जाण्यासाठी तीन तासांपर्यंत सवलत मिळते. तिथल्या खासगी कंपनीत राबणाऱ्या आपल्या फिटरला किंवा ड्रायव्हरला मात्र ती लागू नाही, आणि त्याचे मूल तर इथे तुडीलला आहे.

म्हणून मागणी छोटीच ठेवू या. प्रत्येक कामगाराला मुलाच्या शाळेसाठी वर्षातून दोन अर्धे दिवस, पगारासह. शाळेने हजेरीची चिठ्ठी द्यावी, कामगाराने ती कामावर दाखवावी. कारखान्याचे त्यात फारसे नुकसान नाही. कामगार संघटनांनी आणि ग्रामपंचायतींनी हा विषय मांडावा.

तोवर काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. शाळेने वर्षभराच्या सभांच्या तारखा जूनमध्येच कळवाव्यात. एखादी सभा रविवारी सकाळी घ्यावी, जुम्याच्या नमाजची आणि रमजानमध्ये इफ्तारची वेळ टाळावी. आई येऊ शकत नसेल तर दादी, नाना किंवा चाचा आले तरी त्यांना मानाने बसवावे. परदेशातल्या वडिलांना व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटे द्यावीत.

आणि वडिलांनो, सुट्टीवर गावी आलात की लग्न-दावतींच्या आधी एक सकाळ शाळेला द्या. वर्गशिक्षकांना भेटा, मुलाची वही उघडून पाहा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आपले अब्बा शाळेत आले होते, हे मूल वर्षभर वर्गात सांगत असते. आम्ही शिक्षक ते रोज ऐकतो.