एकशे दोन ठोकळ्यांचा हिशोब

१८९६ साली स्वीडनमधल्या एस्किल्स्टूनाच्या सरकारी बंदूक कारखान्याने आपली काही माणसे जर्मनीला, ओबेर्नडोर्फच्या माउझर कारखान्यात धाडली. माउझर रायफल परवाना घेऊन स्वीडनमध्येच बनवायची होती. या मंडळींत कार्ल एडवर्ड योहान्सन हा तिशीतला तपासनीस होता. एका रायफलीचा सुटा भाग दुसरीत चपखल बसायचा, तर प्रत्येक माप तपासायला त्याच मापाचा पोलादी ठोकळा लागे. माउझरकडे असे ठोकळे ढिगाने होते. तसाच ढीग एस्किल्स्टूनात उभा करायचा म्हणजे पैसा आणि वेळ यांची नुसती उधळण.

परतीच्या प्रवासात, आगगाडीत बसल्या बसल्या योहान्सनने आकडेमोड केली. वाणी मोजकीच वजने एकमेकांच्या जोडीला ठेवून हवे ते वजन साधतो. मग लांबी का साधू नये? त्याने काढलेल्या संचात ठोकळे अवघे १०२. त्यांतून १ ते २०१ मिलिमीटरपर्यंतची, शतांश मिलिमीटरच्या फरकाने जाणारी सुमारे वीस हजार मापे निघत. ३७.८६ हवे असेल तर १.३६, ११.५ आणि २५ हे तीन ठोकळे एकत्र घ्यायचे, झाले काम. खरी करामत या हिशोबातच आहे.

हिशोब कागदावर सोपा. पोलादात उतरवणे महाकठीण. ठोकळे जोडले की त्यांच्या चुकाही जोडल्या जातात, त्यामुळे प्रत्येक ठोकळा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाही चुकून चालणार नव्हते. योहान्सनने पत्नीच्या शिलाई मशीनमध्ये फेरफार करून घरीच घासकामाचे यंत्र बनवले. पृष्ठभाग इतके सपाट झाले, की दोन ठोकळे एकमेकांवर दाबून सरकवले की घट्ट चिकटत. निव्वळ हवेच्या दाबाने एवढी पकड येत नाही. पोलादाच्या रेणूंमधले आकर्षण आणि मधला तेला-ओलाव्याचा अतिसूक्ष्म थर यांचा त्यात मोठा वाटा असतो. १९०१ मध्ये या संचाला स्वीडनचे पेटंट मिळाले. आपल्याकडच्या टूलरूममधले स्लिप गेज ते हेच.

मग उष्णतेची भानगड. शंभर मिलिमीटरचा पोलादी ठोकळा एका अंशाने तापला तरी साधारण एक मायक्रॉनने वाढतो. हाताची ऊबही त्याला पुरते. म्हणून योहान्सनने आपली मापे २० अंश सेल्सिअसला धरली. १९३१ मध्ये हेच तापमान आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले.

अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींचे हेन्री लेलँड हे त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. पुढे १९२३ मध्ये हेन्री फोर्डने योहान्सनचा अमेरिकेतला व्यवसायच विकत घेतला. मोटारींचे सुटे भाग लाखांनी काढणाऱ्याला मापाच्या शिस्तीचे मोल कोणी सांगायला नको! योहान्सन मग वयाच्या बहात्तरीपर्यंत डिअरबॉर्नला फोर्डकडेच राहिला.

त्याचा एक निर्णय मात्र ठोकळ्यांपेक्षाही धाडसी म्हणावा लागेल. अमेरिकेचा इंच २५.४ मिलिमीटरहून किंचित मोठा, ब्रिटनचा किंचित लहान. दोघांसाठी वेगळे संच बनवण्याऐवजी त्याने १९१२ च्या सुमारास सरळ २५.४ हाच आकडा धरला. सरकारांना न विचारता! त्याचे ठोकळे कारखान्याकारखान्यांत पोहोचले, तसा हा इंचही पोहोचला. १९३०च्या दशकात दोन्ही देशांच्या उद्योगांनी तो मान्य केला आणि १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन यांच्यासह सहा देशांनी त्यावर अधिकृत शिक्का मारला. योहान्सन १९४३ मध्येच एस्किल्स्टूनात वारला होता.