‘कसं काय?’ या प्रश्नाचे खरे उत्तर

‘कसं काय, बरं आहे ना?’ हा प्रश्न माहिती मिळवण्यासाठी क्वचितच विचारला जातो, आणि हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. ट्रोब्रियांड बेटांवर प्रदीर्घ क्षेत्रकार्य केलेले मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ ही संज्ञा दिली. ज्यातून काही कळवायचे नसते, केवळ परस्परांतील जवळीक टिकवायची असते, असे बोलणे, हा तिचा आशय. मन खचलेल्या माणसाची कोंडी नेमकी येथेच होते, कारण ‘मजेत’ म्हणावे तर ते खोटे असते आणि खरे सांगावे तर शिष्टाचार मोडतो.

या कोंडीचा उलगडा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स यांनी केला. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात लॉस एंजेलिसमधील आत्महत्या प्रतिबंधाशी निगडित केंद्रात असताना त्यांनी मदतीसाठी आलेल्या दूरध्वनींच्या ध्वनिमुद्रणांचा बारकाईने अभ्यास केला, आणि आपल्याला आधार मागण्याजोगे कुणीच उरलेले नाही, हे फोन करणाऱ्यांचे म्हणणे त्यांच्या प्रबंधाचा विषय झाले. ‘बरं नाही’ असे उत्तर आले की समोरच्याला ‘का, काय झालं?’ असे विचारावेच लागते. परंतु ते कारण ऐकण्याइतकी जवळीक प्रत्येकाशी नसल्यामुळे माणूस ‘छान’ म्हणून मोकळा होतो, असे त्यांनी दाखवले. अशा वेळी बोलले जाणारे असत्य स्वभावदोषातून येत नाही, तर संभाषणाच्या रचनेतूनच येते, हा त्यांचा निष्कर्ष खचलेल्या माणसाला अपराधी भावनेतून सोडवणारा आहे.

तथापि सत्य आणि असत्य यांच्यामध्येही जागा असते. सॅक्स यांच्या सहकारी गेल जेफरसन यांनी १९८०च्या सुमारास असे निदर्शनास आणले की किंचित उतरलेले उत्तर, मराठीत ज्याला ‘तसं ठीक आहे’ म्हणता येईल असे, पुष्कळदा पुढे येणाऱ्या अडचणीची पूर्वसूचना असते. ते शिष्टाचार मोडत नाही, आणि ऐकणाऱ्याला थांबायचे की पुढे जायचे हे ठरवण्याची मुभा देते.

भावना पूर्ण दडपण्याची किंमत शरीराला मोजावी लागते, आणि ती एकट्याच्याच शरीराला नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात परस्परांना अनोळखी असलेल्या स्त्रियांच्या जोड्यांना अस्वस्थ करणाऱ्या विषयावर बोलावयास सांगितले होते. ज्या जोडीत एकीने भावना चेहऱ्यावर येऊ दिल्या नाहीत, तेथे तिच्याशी बोलणाऱ्या स्त्रीचाही रक्तदाब अधिक वाढला. याउलट, भावनेला नुसते शब्दांत मांडल्याने मेंदूतील अमिग्डाला या, भीती व धोक्याच्या जाणिवेशी संबंधित भागाची सक्रियता कमी होते, असे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाला २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमांकनातून आढळले.

म्हणून जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला ‘चाललंय’ एवढेच सांगणे पुरेसे आहे, पण जिवाभावाच्या एखाद्या तरी माणसाला ‘आठवडाभर मन लागत नाहीये’ असे सरळ सांगावे. आणि ज्याच्या कानावर ‘तसं ठीक आहे’ पडेल त्याने घाई न करता ‘तसं म्हणजे?’ असे विचारावे. तसे कुणीच जवळ नसेल, तर केंद्र सरकारची २०२२ पासून सुरू असलेली ‘टेली-मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही उपलब्ध आहे.